रंग आला नाही, तरी लिहा: ड्रग डिटेक्शन किटचे परीक्षण

गोव्यातल्या हणजूण, वागातोर, मोरजी, हरमल या पट्ट्यात छापा पडला की पंचनाम्याच्या टेबलावर वजनकाट्याशेजारी एक पेटी उघडली जाते. आत रीएजंटच्या, म्हणजे मालावर टाकल्यावर रंग बदलणाऱ्या रसायनांच्या ठिबक-बाटल्या, खाचांची पांढरी प्लेट, प्लास्टिकच्या काड्या आणि रंगांचा तक्ता. हेच ड्रग डिटेक्शन किट. हे परीक्षण एका कंपनीच्या पेटीचे नाही, तर बाटल्यांच्या या पद्धतीचे आहे, आणि तेही एकाच प्रश्नापुरते: बाजारात कोणते नवे सिंथेटिक ड्रग येते आहे, हे जप्तीच्या मालावरून या किटने कळते का? ओळखीचा माल वेगळा काढायला किट चांगले आहे. नव्या मालाचे नाव ते सांगू शकत नाही. पण काहीतरी नवे आले आहे याची पहिली खूण त्याच्याच प्लेटवर दिसते, आणि नेमकी तीच खूण पंचनाम्यात उतरवायची राहून जाते.

आधी वापराबद्दल. किटला हात लावण्यापूर्वी वजन करायचे. एमडीएमएची (एक्स्टसी) अल्प मात्रा, म्हणजे कमी शिक्षेची कायदेशीर हद्द, 0.5 ग्रॅम आहे. पुडीत 0.52 ग्रॅम माल असेल, तर चाचणीसाठी काढलेली चिमूट पुढे कोर्टात उलटतपासणीचा विषय होते. पूड टाचणीच्या डोक्याएवढीच घ्यायची, म्हणजे एक-दोन मिलिग्रॅम. जास्त घेतली की रंग इतका गडद येतो की तक्त्याशी जुळवताच येत नाही. शेजारच्या खाचेत पूड न घालता नुसता रीएजंट टाकायचा. ही कोरी खाच गाळली की घोटाळा ठरलेला: जुना रीएजंट स्वतःच तपकिरी पडलेला असतो आणि तो रंग मालाच्या नावावर जमा होतो. मग दोन-तीन थेंब आणि लगेच घड्याळ. पाच सेकंदांनी कोणता रंग, तीस सेकंदांनी कोणता, मिनिटाने कोणता, हे लिहायचे. त्यानंतर आलेला रंग धरायचा नाही, कारण मार्क्विस या रीएजंटमधले तीव्र सल्फ्युरिक ॲसिड हळूहळू साखरही जाळून काळी करते. क्लबच्या निळ्या-जांभळ्या दिव्यांत प्लेट वाचू नये. पांढऱ्या उजेडाची बॅटरी सोबत हवीच.

मार्क्विस हा या पेटीतला मुख्य गडी. एमडीएमएवर तो जांभळा होत काळा पडतो, अँफेटामाइन आणि मेथवर (मेथअँफेटामाइन) नारिंगी होऊन तपकिरीकडे झुकतो, हेरॉइनवर जांभळा होतो. ॲस्पिरिनवरही लाल रंग येतो, त्यामुळे रंग आला म्हणजे ड्रग सापडले असे होत नाही. मेफेड्रोन या सिंथेटिक उत्तेजकावर मात्र मार्क्विस जवळजवळ गप्प बसतो. आलीच तर फिकट पिवळी झाक येते. एवढ्यावर थांबलात तर मेफेड्रोन, केटामाइन (भुलीचे औषध) आणि मीठ यांत फरक करता येणार नाही. इथे लीबरमान हा दुसरा रीएजंट कामाला येतो, कारण मेफेड्रोनवर त्याचा पिवळा रंग ठळक असतो. ज्या पेटीत लीबरमानची बाटली नाही ती आजच्या काळात घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या फरकाला एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात मोठे वजन आहे. मुंबईकडच्या बोलीत 'एमडी' म्हणजे मेफेड्रोन, पण बोलता बोलता त्याचे एमडीएमए होऊन जाते. एमडीएमएची व्यावसायिक मात्रा 10 ग्रॅम, मेफेड्रोनची 50 ग्रॅम. म्हणजे 30 ग्रॅमची तीच पुडी एमडीएमए ठरली तर किमान 10 वर्षांची शिक्षा आणि जामिनाला कलम 37 ची कडक अट. मेफेड्रोन ठरली तर मधली मात्रा, शिक्षा 10 वर्षांपर्यंत. मेफेड्रोन एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत आले 2015 मध्ये, केटामाइन 2011 मध्ये. आपला कायदा पदार्थांची नावानिशी यादी करतो, म्हणून रेणूचा एखादा गट इकडचा तिकडे केलेला माल यादीबाहेर राहू शकतो. डिझायनर ड्रगचा सगळा धंदा याच फटीवर चालतो.

किटची मोठी उणीव मिश्रणात उघडी पडते. गोळीत एमडीएमएसोबत एखादे कॅथिनोन (मेफेड्रोनच्या गटातला पदार्थ) मिसळलेले असेल, तर मार्क्विसचा काळा रंग बाकी सगळे झाकून टाकतो. प्लेट सांगते एमडीएमए, पंचनामा लिहितो एमडीएमए, आणि सोबतचा नवा पदार्थ निदान लॅबचा अहवाल येईपर्यंत कागदावरून गायब असतो.

गोव्याच्या हवेत सर्वांत लवकर दगा देतो तो सायमन. हा रीएजंट दोन बाटल्यांचा असतो. पहिलीत सोडियम नायट्रोप्रुसाइड आणि ॲसेटाल्डिहाइड, दुसरीत सोडियम कार्बोनेट. पहिल्याचा एक थेंब, मग दुसऱ्याचे दोन. एमडीएमए आणि मेथवर गडद निळा रंग येतो. एमडीए (एमडीएमएचा जवळचा भाऊ) आणि साध्या अँफेटामाइनवर येत नाही. म्हणून मार्क्विसनंतर सायमन करणे हा चांगला शिरस्ता आहे. पण ॲसेटाल्डिहाइड साधारण 20 अंशांनाच उकळते. मे महिन्यात जीपच्या डिकीत दुपारभर पडलेल्या पेटीत, झाकण जरा सैल असले की ते उडून जाते. नायट्रोप्रुसाइड उजेडाने बिघडते ते वेगळेच. मग खऱ्या एमडीएमएवरही निळा रंग येत नाही, आणि वाचणारा एमडीए समजून बसतो. पावसाळ्यात मार्क्विसचे दुखणे निराळे: सल्फ्युरिक ॲसिड हवेतले पाणी ओढून घेते, पातळ होते आणि रंग उशिरा व फिका येतो. उपाय साधे आहेत. बाटल्या गडद काचेच्या आणि लहान घ्याव्यात, त्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात, उघडल्याची तारीख झाकणावर लिहावी आणि छाप्याला निघताना थर्मास-पिशवीतून न्याव्यात. ठाऊक असलेल्या नमुन्यावर दर महिन्याला एकदा रीएजंट तपासून नोंद ठेवावी. ती नोंद नसेल तर प्लेटवरच्या रंगाला फारसा अर्थ उरत नाही.

ब्लॉटरसाठी, म्हणजे ड्रग भिजवलेल्या कागदासाठी, एर्लिक हा रीएजंट. कागदाचा कोपरा कापून एक थेंब टाकला की एलएसडीवर जांभळा रंग चढतो. तो एलएसडीच्या भाऊबंदांवरही चढतो, म्हणून जांभळ्यावरून नेमके नाव ठरवू नये. उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे: एलएसडीच्या नावाखाली विकले जाणारे एनबोम गटातले पदार्थ एर्लिकला अजिबात दाद देत नाहीत. नक्षीदार ब्लॉटर आणि कोरडा एर्लिक, ही जोडी दिसली की तो कागद तातडीने लॅबला जायला हवा. सिंथेटिक कॅनाबिनॉइड (गांजासारखी नशा देणारी कृत्रिम रसायने) फवारलेल्या पाल्याचेही तसेच. गांजावर फास्ट ब्लू हा रीएजंट लाल होतो, या पाल्यावर होत नाही.

आता मुद्दा लॉटचा, आणि नव्या ड्रगचा माग इथेच हरवतो. 2022 च्या एनडीपीएस जप्ती-नमुना नियमांनुसार सारख्या आकाराची, वजनाची आणि किटवर सारखाच रंग देणारी पाकिटे एकत्र करून लॉट करता येतो. सिंथेटिक मालाचा लॉट जास्तीत जास्त दहा पाकिटांचा, गांजाचा चाळीसपर्यंत. मॅजिस्ट्रेटसमोर लॉटमधल्या प्रत्येक पाकिटातून सारखा माल घेऊन, एकत्र कालवून, त्यातून सिंथेटिक मालाचे प्रत्येकी किमान 5 ग्रॅमचे दोन नमुने निघतात. म्हणजे प्लेटवरचा रंग घाईत वाचला आणि आठ पाकिटे मेफेड्रोनची व दोन नव्याच कशाची असली, तर ती दोन त्या कालवणात विरघळून जातात. लॅबला चुकीचा नमुना पोहोचला की तिथल्या उपकरणांनी कितीही चोख काम केले तरी हरवलेला धागा हाती लागत नाही. म्हणून दहाही पाकिटांवर किट लावावे, वानगीदाखल दोनवर नाही. रंगाच्या वेगात जरी फरक दिसला तरी लॉट वेगळा करावा.

किटशिवाय रामन यंत्रही असते; ते लेसरच्या प्रकाशावरून पदार्थ ओळखते. ते हातात धरून पाकिटाबाहेरूनच वाचते, ही मोठी सोय आहे. पण लेसर पडल्यावर रंगीत गोळ्यांतून निघणारा प्रकाश त्याला आंधळे करतो, आणि त्याच्या साठ्यात नसलेला पदार्थ तेही ओळखत नाही. साठा कधी अद्ययावत केला होता, हा खरेदीआधी विचारायचा पहिला प्रश्न. 4-एमएमसी म्हणजे मेफेड्रोन आणि त्याचे 3-एमएमसी, 2-एमएमसी हे भाऊ वेगळे करायला तर लॅबच लागते. तिथेही नुसते मास स्पेक्ट्रम (रेणूच्या तुकड्यांच्या वजनांचा आलेख) पुरत नाही, कारण तिघांचे जवळजवळ सारखेच दिसते. रिटेन्शन टाइम (पदार्थ यंत्राच्या नळीतून बाहेर यायला लागणारा वेळ) किंवा इन्फ्रारेडची जोड द्यावी लागते.

जप्तीच्या आकड्यांवरून कल काढणाऱ्यांनी किलोंच्या मागे लागू नये. 20 किलो गांजा आणि 100 मिलिग्रॅम एलएसडी या दोन्ही आपापल्या व्यावसायिक मात्रा आहेत. 100 मायक्रोग्रॅमचा ब्लॉटर धरला तर ते 100 मिलिग्रॅम म्हणजे हजार ब्लॉटर. वजनाच्या तक्त्यात एलएसडी दिसणारही नाही. त्यापेक्षा जप्त्यांची आणि लॉटची संख्या मोजावी, तारीख जप्तीची धरावी, अहवालाची नाही. डिसेंबरमध्ये नाकाबंदी वाढते तशा जप्त्याही वाढतात, म्हणून एकूण आकड्याऐवजी दर शंभर लॉटमागे किती लॉट कोणत्याच रीएजंटला रंग देत नाहीत, ते प्रमाण पाहावे. ते चढू लागले की काही महिन्यांत नव्या नावाची गाठ पडते.

वापरलेली प्लेट खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवूनच टाकावी; त्यात ॲसिड आहे. नोंदीचा नमुना असा ठेवावा: "लॉट 3, दोन पाकिटे, पांढरे स्फटिक. मार्क्विस: 60 सेकंद, रंग नाही. लीबरमान: रंग नाही. सायमन: रंग नाही. कोऱ्या खाचा स्वच्छ. मार्क्विस-बाटली उघडल्याला 19 दिवस. नमुना स्वतंत्र, पूर्ण ओळखीची विनंती."