बँकॉकचा शेवटचा दिवस: चातुचाक की वाट फो?

परतीचं विमान रात्रीचं आणि हॉटेलची खोली सोडायची दुपारी बाराला. मग बॅगा खाली काउंटरवर ठेवून उरलेला दिवस दोघांनी कुठे काढायचा? आम्ही बँकॉकला दोनदा गेलो. पहिल्या वेळी तो दिवस चातुचाकच्या बाजारात घालवला, दुसऱ्या वेळी नदीकाठी, वाट फो आणि वाट अरुण या बौद्ध विहारांत (थाई भाषेत 'वाट' म्हणजे विहार).

खरेदीत चातुचाकला तोड नाही, हे आधीच मान्य करतो. 1982 पासून आताच्या जागी भरणारा हा बाजार मुख्यतः शनिवार-रविवारचा. मो चित या स्कायट्रेनच्या स्थानकावर उतरलं की वाट विचारावी लागत नाही, गर्दीमागून चालत राहायचं. चिनी मातीच्या वाट्या, सुती पिशव्या, कुंड्यांतली झाडं, करवंटीत मिळणारं नारळाचं आइस्क्रीम! घरच्यांसाठी न्यायच्या वस्तू एका फेरीत होतात, भावही बरे मिळतात.

पण आतल्या गल्ल्या फार चिंचोळ्या. दोघांना बरोबरीने चालता येत नाही, एक पुढे आणि एक मागे. ही वाट्या बघायला थांबली आणि मी बोलत बोलत पुढे गेलो. वळून बघतो तर मागे भलतीच बाई. फोन केला तर म्हणाली, "अरे, मी पिशव्यांच्या दुकानासमोर उभी आहे." पिशव्यांची दुकानं तिथे दर चार पावलांवर! शेवटी मधल्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली भेटायचं ठरवलं. भेटलो तेव्हा दोघंही घामाने निथळत होतो, आणि त्यानंतरही दोनदा चुकामूक झालीच. त्या दिवशी मी हिची पाठ जास्त पाहिली, चेहरा कमी. विमानतळावर पोचलो तेव्हा बोलायचंही त्राण नव्हतं. एवढी छान सहल अशी संपावी, हे मला फार लागलं.

म्हणून दुसऱ्या वेळी नदीकडे गेलो. ऊन तिथेही कमी नाही आणि फरशी तापलेली असते. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, विहारात शिरताना चप्पल काढायची. रस्त्यात कुणी "आज बंद आहे, दुसरीकडे नेतो" म्हणालं तर न थांबता सरळ दारापर्यंत जावं. इतकं सांभाळलं की पुढे निवांतपणा आहे.

वाट फोमधला पहुडलेला बुद्ध 46 मीटर लांब आहे. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यातलं महापरिनिर्वाण पाहिलेल्या माणसालाही इथे मान वळवत वळवत चालावं लागतं. तळपायांवर शिंपल्यांच्या जडावाची 108 शुभचिन्हं आहेत. पाठीमागच्या बाजूला भिंतीलगत काशाची 108 भांडी ओळीने मांडलेली. थोडे पैसे देऊन सुट्या नाण्यांची वाटी घ्यायची आणि प्रत्येक भांड्यात एक नाणं टाकत जायचं. टण्, टण्, टण्, सगळा विहार त्या आवाजाने भरलेला असतो. शेवटाकडे हिची नाणी संपली, तेव्हा माझ्या वाटीतली निम्मी तिच्या हातावर ओतली आणि उरलेली भांडी आम्ही आळीपाळीने पुरी केली. बोलायला वेळ होता, थांबायला जागा होती. आवारातच थाई मालिशची प्रसिद्ध शाळा आहे. पाय बोलायला लागले असतील तर तिथे तासभर जरूर काढा.

मग ता तियनच्या धक्क्यावरून छोटी होडी पकडून पलीकडे वाट अरुणला. नाव आपल्याच अरुणाचं, पहाटेचं. मनोऱ्यावर चिनी मातीच्या तुकड्यांची फुलं जडवलेली आहेत. लांबून करडा दिसणारा मनोरा जवळ गेल्यावर रंगीत होत जातो. नदीवरचा वारा लागला आणि अंगावरचा शर्ट पहिल्यांदा सुकला.

तुमची यादी मोठी असेल आणि शेवटचा दिवस शनिवार-रविवारच असेल, तर चातुचाकला नको म्हणवत नाही. मात्र सकाळी लवकर जा, बाराच्या आत खोलीवर परता, आंघोळ करून मग खोली सोडा. यादी लहान असेल तर मी तरी नदीच निवडेन. बॅगा ठेवताना प्रत्येकी एक कोरडा कपडा आणि छोटा टॉवेल वरच्या कप्प्यात ठेवा. आमच्या हॉटेलवाल्यांनी निघताना तळमजल्यावरची न्हाणी विनातक्रार वापरू दिली होती. तुम्हीही सकाळीच विचारून ठेवा.