शिस्तीच्या पायऱ्या की समजुतीची बैठक : शाळेने निवड करताना

येत्या जूनपासून गैरवर्तनाविषयी लेखी नियमावली लागू करण्याचे ज्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी आणि शिक्षक-पालक संघाने ठरवले असेल, त्यांच्यापुढे साधारणपणे दोन रीती असतात. पहिली पायऱ्यांची: आधी तोंडी समज, मग डायरीत शेरा, मग पालकांना बोलावणे, त्यानंतर मुख्याध्यापकांसमोर लेखी हमी आणि शेवटी काही दिवस वर्गात बसण्यास मनाई. दुसरी बैठकीची: चूक करणारा, त्रास झालेला आणि वर्गशिक्षक अशा तिघांनी बसून काय घडले ते सांगायचे आणि नुकसान कसे भरून द्यायचे ते ठरवायचे. सातारा तालुक्यात वर्गशिक्षक म्हणून काम करताना मी दोन्ही रीती वापरल्या आहेत.

कायद्याची चौकट दोन्हींना सारखीच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली आहे. त्यामुळे अंगठे धरून उभे करणे किंवा वर्गासमोर पाणउतारा करणे ही कोणतीही पायरी होऊ शकत नाही. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची वाट मोकळी झाली, तरी हे संरक्षण कायम राहिले. सहावीतल्या मुलाला ‘दाखला हातात देऊ’ असे बजावण्यास म्हणूनच कायद्याचा आधार नाही.

पायऱ्यांचे खरे बळ त्यांच्या निश्चितपणात आहे. सरपंचांचा मुलगा असो वा ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबातला, एकाच चुकीला एकच परिणाम होणार हे मुलांना आधी ठाऊक असते, आणि मुले अन्याय फार लवकर ओळखतात. मात्र ही रीत कारण विचारत नाही. कासच्या बाजूच्या एखाद्या वाडीतून एसटीने येणाऱ्या मुलीची गाडी चुकली किंवा उशिरा आली, तर तिच्या डायरीत तिसरा शेरा पडतो आणि आईला रोजगार बुडवून शाळेत यावे लागते. यात त्या मुलीची चूक कोणती? शिवाय बहुतेक नियमावल्यांत वर चढण्याचेच नियम असतात, खाली उतरण्याचा एकही नसतो. जुलैतला शेरा मार्चपर्यंत मुलाच्या मागे राहतो.

बैठक कारणापर्यंत पोहोचते, पण तिला वेळ लागतो, आणि साठ मुलांच्या वर्गात रोज तेवढा वेळ काढणे शिक्षकाला शक्य होत नाही. त्याहून मोठा धोका आमच्या गावांच्या घडणीतच आहे: दोन्ही घरे एकाच भावकीतली किंवा एकाच आळीतली असली, की ‘मिटवून टाका’ असा दबाव त्रास झालेल्या मुलावरच येतो आणि त्याने दिलेली माफी मनापासूनची राहत नाही. म्हणून त्या मुलाशी आधी एकट्याने बोलावे, आणि त्याची इच्छा नसेल तर बैठक घेऊच नये. लैंगिक छळाच्या तक्रारीला तर दोन्ही रीती लागू नाहीत. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि शाळेने ती आपल्या पातळीवर मिटवणे हा गुन्हा ठरतो.

इयत्तेपेक्षा चुकीच्या प्रकारावरून निवड करावी, असे माझे मत आहे. बरोबरीच्या मुलांची मारामारी, चिडवणे, बाक किंवा दुसऱ्याची वस्तू मोडणे यांत कोणाचे तरी नुकसान झालेले असते, तेथे बैठक उपयोगी पडते. मोबाइल आणणे, वारंवार तास बुडवणे यांसाठी पायऱ्या पुरेशा आहेत. मात्र डायरीत शेरा लिहिण्यापूर्वी मुलाचे म्हणणे त्याच पानावर एका ओळीत त्याच्याकडूनच लिहून घ्यावे, आणि पूर्ण सत्रात नवी नोंद झाली नाही तर जुनी रद्द झाल्याचे वर्गशिक्षकांनी सही करून पालकांना कळवावे.