प्रोफाइल बिल्डिंगचं पॅकेज घ्यावं का? आमचा अनुभव

मुलीला बारावीनंतर अमेरिकेत शिकायला जायचंय म्हणून अकरावीच्या दिवाळीत आम्ही पुण्यातल्या एका कौन्सेलिंगवाल्यांकडे नाव घातलं. नाव लिहीत नाही, कारण हे असं बहुतेक ठिकाणी चालतं असं आता कळलंय. दोन भाग होते, आधी प्रोफाइल बिल्डिंग, म्हणजे अर्जात दाखवायला अभ्यासाबाहेरच्या ॲक्टिव्हिटीज उभ्या करणं, आणि मग एसे-ॲप्लिकेशन, म्हणजे अर्ज आणि त्यातला स्वतःबद्दलचा निबंध. पहिल्याला २ स्टार, दुसऱ्याला साडेचार.

पहिल्याच मीटिंगला सरांनी विचारलं, ॲक्टिव्हिटीज काय? ती म्हणाली तबला, मध्यमा परीक्षा पूर्ण झालीये. त्यांनी लिहून घेतलं आणि लगेच म्हणाले तबला सगळेच लिहितात, आपण एक एनजीओ सुरू करू, वेबसाइट आम्ही करून देतो, शिवाय एक रिसर्च पेपर, त्याचे पैसे वेगळे. आम्ही घाबरून हो म्हणालो. चार महिने पोरगी शनिवारचा तबल्याचा क्लास बुडवून त्या वेबसाइटसाठी फोटो काढत फिरली, शेवटी एक दिवस रडायलाच लागली, आई हे माझं नाहीये म्हणाली. त्या दिवशी आम्ही तो भाग बंद केला. पैसे परत मिळाले नाहीत.

आता दुसरा भाग. एसेला ज्या ताई मिळाल्या त्यांनी तीन मीटिंग नुसतं ऐकून घेतलं, रोज संध्याकाळी काय करतेस, शनिवारी कुठे असतेस. त्यातनं निघालं की क्लासमधल्या लहान मुलांच्या हातात तीनतालाचा ठेका हीच बसवून देते, गुरुजींनी दोन वर्षांपासून तिच्यावर सोपवलंय. आणि आजीचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून रोज ५ ते ७ आजीजवळ तीच असते, व्यायाम, औषधं, चहा सगळं. आम्हाला वाटलं हे काय लिहायचं! तर कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक अमेरिकन कॉलेजांना एकच चालणाऱ्या ऑनलाइन अर्जात, घरच्या जबाबदाऱ्या असा प्रकारच आहे ॲक्टिव्हिटीजच्या यादीत, पगारी कामाचाही आहे. हे पहिल्या सरांनी एकदाही सांगितलं नव्हतं, याचा राग अजून जात नाही.

फॉर्मचं सांगते. कॉमन ॲपला जास्तीत जास्त १० ॲक्टिव्हिटी, प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं, स्पेससकट. म्हणजे दीड-दोन ओळी. बक्षिसं-परीक्षांना वेगळ्या ५ जागा, मध्यमा तिथे गेली. अमेरिकेतल्या एमआयटीचा फॉर्म वेगळा, तिथे फक्त ४ ॲक्टिव्हिटी मागतात, तेव्हा दहा रकाने भरायलाच हवेत म्हणून काहीतरी उभं करायचं हे डोक्यातनं काढून टाका. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला मात्र बक्षिसं धरून २० पर्यंत चालतात आणि तिथे लिहायलाही जास्त जागा आहे. आम्ही कॉमन ॲपला सातच भरल्या, तबला एक नंबरला.

ताईंनी एकही वाक्य स्वतः लिहून दिलं नाही, फक्त हे नीट कळत नाहीये, परत सांग, असं म्हणत राहिल्या. ६५० शब्दांचा मुख्य एसे नऊ वेळा लिहिला गेला पण वाचताना माझीच मुलगी बोलतेय असं वाटतं. अर्धा स्टार कापला कारण ऑक्टोबरच्या शेवटी, १ नोव्हेंबरच्या डेडलाइनच्या तोंडावर, त्यांच्याकडे इतकी मुलं होती की दोन-दोन दिवस उत्तर यायचं नाही.

सगळे निकाल मार्चअखेरपर्यंत येतील. कोणी घेणार असाल तर फक्त एसेचा भाग घ्या, आणि मूल नववीत असेल तर आठवड्याला किती तास आणि वर्षातले किती आठवडे हे आत्तापासून वहीत लिहून ठेवा, फॉर्ममध्ये प्रत्येक ॲक्टिव्हिटीला विचारतात आणि आम्हाला ते आठवून काढायला दोन रविवार गेले.