स्टेअर एलपी २ : पहिलं मॅच पिस्तूल म्हणून घ्यावं का?

इंदुरात कुणाच्या हातात पिस्तुलाची पेटी दिसली की दोन प्रश्न ठरलेले. लायसन्स लागतं का? आणि याने काय मारता येतं? आधी तेच उरकून घेऊ. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हौसेची शिकार संपली. होळकरांच्या जमान्यातल्या शिकारीचे किस्से चहाबरोबर ऐकायला ठीक आहेत. हे हवेच्या दाबावर छर्रा सोडणारं पिस्तूल दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडायला बनवलंय. लायसन्सचं म्हणाल, तर शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर वेपनला ते लागत नाही. इथे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने निघतो, म्हणजे जेमतेम साडेपाच ज्यूल. तरी बिल आणि ओळखपत्राची प्रत पेटीतच ठेवा. रात्री पेटी उघडायला लावली तर हवालदाराशी तोंडी वाद घालण्यापेक्षा कागद बरा.

एलपी २ ही ऑस्ट्रियन स्टेअरची साधी बहीण. थोरली एलपी १०. दोघींत मोठा फरक स्टॅबिलायझरचा: एलपी १० मध्ये तो आहे, एलपी २ मध्ये नाही. नवशिक्याने त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. छर्रा सुटताना बसणारा बारीकसा झटका तो शोषून घेतो, पण ज्याचा हात अजून आठच्या रिंगात फिरतोय त्याला तो झटका कळतसुद्धा नाही. वजन किलोच्या आत आहे. स्पर्धेची मर्यादा १५०० ग्रॅमची, म्हणजे पुढे हात तयार झाला की वजनं लावायला भरपूर जागा. सुरुवातीला मात्र काहीही लावू नका. जड नळी स्थिर वाटते ती पहिले दहा-पंधरा छर्रे. नंतर खांदा उतरतो आणि कागदावरच्या भोकांचा गट खाली सरकायला लागतो.

काडतुसं भरणाऱ्यांना बारूद आणि ते पेटवणारी टोपी सांभाळावी लागते, इथे हवा. सिलिंडर २०० बारचं (बार म्हणजे दाबाचं माप) आणि एका भरण्यात शंभराहून जास्त छर्रे आरामात निघतात. गेज शंभरवर आलं की भरून टाका. दाब फार उतरला की रेग्युलेटरला (दर छर्ऱ्यामागे सारखाच दाब देणाऱ्या भागाला) पुरेशी हवा मिळत नाही, छर्ऱ्याचा वेग कमी होतो आणि गट खाली जातो. नवशिका अशा वेळी साइट, म्हणजे नेम धरायची खूण, वर चढवत बसतो. दुसऱ्या दिवशी भरलेल्या सिलिंडरने सगळे छर्रे वर लागतात आणि मग पिस्तूलच खराब ठरतं.

भरायचं ते सावकाश. ज्यातून भरतो त्या मोठ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह एकदम उघडला तर हवा दाबली जाऊन पिस्तुलाचं छोटं सिलिंडर तापतं, गेज २०० दाखवतं आणि गार झाल्यावर बघावं तर १८०. थोडं भरा, दोन मिनिटं थांबा, मग उरलेलं भरा. अडॅप्टर सोडवण्याआधी ब्लीड स्क्रूने मधली हवा काढा, नाहीतर ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, फाटते. हातपंप चालतो, पण पावसाळ्यात ओलावा थेट आत जातो. ओलावा टिपणारा फिल्टर नसेल तर जुलै ते सप्टेंबर पंपाला हात लावू नका. आत फक्त कोरडी हवा जायला हवी. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन तर कधीच नाही. ग्रीसचा एक कण आणि दाबातला ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. त्याच कारणाने ओ-रिंगला शिलाई मशीनचं तेल लावायचं नाही. सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाच्या टोकाला जेमतेम लागेल इतकंच.

आणि आपला मे महिना! पार्किंगमध्ये उन्हात उभ्या गाडीत साठ अंश सहज होतात. पंचवीस अंशांना २०० बारला भरलेलं सिलिंडर साठ अंशांना २२० च्या वर जातं. सराफ्यात खायला जाताना पेटी डिकीत ठेवायची असेल तर सिलिंडर दीडशेवरच ठेवा. दुपारी तर पेटी गाडीत सोडूच नका.

ट्रिगर ही या पिस्तुलाची खरी कमाई. दोन टप्पे स्वच्छ वेगळे जाणवतात, मध्ये कुठे घासत नाही. नियमाप्रमाणे ओढ किमान ५०० ग्रॅम. नळी सरळ वर धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लटकवायचं आणि उचलायचं. सुटला नाही तर पास. सेटिंग बरोबर ५०० वर ठेवण्याचा हट्ट नको, ५१५-५२० ठेवा. पहिल्या टप्प्यात साधारण तीन-साडेतीनशे ग्रॅम आणि उरलेलं दुसऱ्यात, असं सुरुवातीला बरं. दुसरा टप्पा फार हलका केला की छर्रा आपल्या आधीच सुटतो, आणि बोटाला घाबरून थांबायची सवय लागते. ती सवय मोडायला नवा ट्रिगर शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो. बिनहवेच्या ड्रायफायरची, म्हणजे छर्रा न सोडता नुसता ट्रिगर ओढायची सोय आहे, ती रोज वापरा. ड्रायफायरमध्ये फोरसाइट (नळीच्या टोकाची साइट) हलली तर छर्रा कुठे गेला असता ते विचारायलाच नको. उजव्या हाताच्या नेमबाजाचे छर्रे खाली-डावीकडे जात असतील तर बहुतेक वेळा दोष बोटाच्या झटक्याचा असतो, साइटचा नाही.

मी एक तारा कापतो तो ग्रिपसाठी. कंपनीचं अक्रोडाचं ग्रिप सुंदर आहे, पण ते कुणाच्या तरी हाताच्या मापाचं. तुमच्या असेलच असं नाही. माप घेताना पंजा रुंद दिसतो म्हणून मोठं ग्रिप मागवू नका. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सरळ मागे ओढता येईल असं बसायला हवं, त्यावरून माप ठरवा. मग ही परीक्षा: पिस्तूल धरा, डोळे मिटा, हात उचला, मनगट घट्ट करा, डोळे उघडा. फोरसाइट बॅकसाइटच्या (मागच्या साइटच्या) खाचेत मधोमध दिसली तर नशीबवान आहात. एका बाजूला गेली तर ग्रिपच्या स्क्रूमध्ये जेवढी सूट आहे तेवढी आधी वापरा. तरी जमत नसेल तर एम-सील.

ग्रिपवर स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म ताणून बसवा, म्हणजे बिघडलं तर थर उचलून काढता येतो. एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन एक रंग येईपर्यंत मळा आणि जिथे हात आणि लाकूड यांत पोकळी आहे तिथेच, हरभऱ्याएवढा गोळा दाबा. बहुधा ती जागा तळव्याच्या खळग्यात किंवा अंगठ्याच्या मुळाशी निघते. तळव्याला पावडर लावून नेमबाजीच्या जोरानेच धरा, आवळू नका. आवळून काढलेला साचा नेहमीच्या पकडीला सैल पडतो. पूर्ण सुकल्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०. जास्त गुळगुळीत केलंत तर घामाने सटकतं. तळव्याखालची पट्टी हाताला नुसती टेकावी. वर चढवून हात चिमटला की नाडीचे ठोके फोरसाइटवर दिसतात, शिवाय ती पट्टी ९० अंशांहून कमी कोनात वर आली तर तपासणीत बाद.

छर्रे चपट्या डोक्याचेच हवेत, कागदात गोल स्वच्छ भोक पडतं. पिस्तुलासाठी ०.४५ ते ०.५० ग्रॅमच्या आसपासचे घ्या. डब्यावर ४.४९, ४.५० असं डोक्याचं माप असतं. कोणतं माप तुमच्या नळीला मानवतं ते दुकानदार सांगू शकत नाही, नळीच सांगते. दोन-तीन मापांचे डबे घ्या, पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवा आणि प्रत्येकाचे पाच-पाच छर्रे तीनदा मारा. दहाची रिंग ११.५ मिमीची आहे. पाचही छर्ऱ्यांचं मिळून भोक आठ मिमीच्या आसपास आलं की तो डबा ठेवा. डबा पडला तर छर्ऱ्यांचे घागरे (मागच्या पसरट कडा) चेपतात, असे सरावातसुद्धा वापरू नका. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पोह्यांना हात नाही.

रामबागेतल्या फ्लॅटमध्ये दहा मीटर कुठून आणायचे? पाच मीटर मिळत असतील तर टार्गेट निम्मं छापा, काळा गोल ५९.५ ऐवजी २९.७५ मिमीचा. मागे खाली झुकवलेली लोखंडी पट्टी आणि छर्रे पकडणारी बंद पेटी हवीच, डोळ्यांना चष्मा हवाच. नुसत्या भिंतीवर मारलेला छर्रा परत येतो.

नवं घेतलं तर आकडा लाखाच्या वर जातो, म्हणून बरेच जण जुनं शोधतात. महू जवळ, तिथे फौजी नेमबाजांचं आर्मी मार्क्समनशिप युनिट, त्यामुळे ‘फौजी नेमबाजाचं पिस्तूल’ म्हणून काहीही खपवलं जातं. कुणाचं होतं ते सोडा, सिलिंडरवर ठोकलेली तारीख वाचा. अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरतात, आणि मुदत संपलेली नाही हे बघणं स्पर्धेत नेमबाजाचीच जबाबदारी. मुदत संपत आलेली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सरळ वजा करून बोला. सिलिंडर भरून, पिस्तुलाला जोडून रात्रभर ठेवायला सांगा. सकाळी गेज दहा-वीस बार उतरलेलं दिसलं तर गळती आहे. निव्वळ ओ-रिंगचं काम असेल तर स्वस्तात भागतं, रेग्युलेटरचं असेल तर नाही, आणि विकणारा दोन्ही वेळा ओ-रिंगच म्हणणार.