'आपले अभिलेख' : आडनाव बाजूला ठेवा, नंबर हातात घ्या

तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयांतले जुने सातबारे, फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी), आठ-अ (खात्याचे उतारे) यांच्या स्कॅन प्रती दाखवणारे 'आपले अभिलेख' हे शासनाचे संकेतस्थळ घराण्याचा शोध घेणाऱ्यासाठी उत्तम आहे. तरी बहुतेक जण पहिल्या पाच मिनिटांत हिरमुसतात. आजोबांचे नाव टाकून इथे काही निघत नाही, कारण सगळी मांडणी गाव आणि नंबर यांवर आहे.

म्हणून सुरुवात इथून करूच नये. आधी शासनाच्याच 'महाभूलेख' या संकेतस्थळावर जावे. तिथे चालू सातबारा नावाने वा आडनावाने शोधता येतो. त्यावरचा गट नंबर आणि खातेदाराच्या नावाशेजारचे सगळे फेरफार क्रमांक वहीत उतरवून घ्यावेत. मग 'आपले अभिलेख'वर नोंदणी करून कार्यालय, जिल्हा, तालुका, गाव, अभिलेखाचा प्रकार आणि नंबर या क्रमाने शोध घ्यायचा. हवे ते कागद कार्टमध्ये टाकायचे, विनंती पुढे पाठवायची, फाइल उघडली की लगेच डाउनलोड करून घ्यायची. नंबर टाकताना पोटहिस्सा आधी गाळावा. '४२/२अ'ऐवजी नुसते ४२ टाकून काय येते ते पाहावे.

सातबाऱ्यापेक्षा फेरफार मोलाचा, आणि त्यातही वारस फेरफार. नीट लिहिलेल्या नोंदीत खातेदार मयत झाल्याची तारीख, मुलांची नावे, वये, विधवेचे नाव आणि मुलींची सासरची नावे मिळतात. जुन्या नोंदींत मुली आणि विधवा पुष्कळदा 'इतर हक्क' रकान्यात ढकललेल्या असतात. कब्जेदाराचाच रकाना वाचला तर घरातल्या निम्म्या बायका हरवतात. 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तो बहुधा घरातला थोरला असतो, एकटा मालक नव्हे. 'अ. पा. क.' दिसले की अज्ञान मुलाचा पालनकर्ता समजावा. नाव कंसात गेले असेल तर त्याशेजारच्या फेरफाराने ते कमी झाले, आणि पुढचा शोध त्याच नंबराचा.

धागा तुटतो तो ठरावीक जागी. एकत्रीकरण योजना (जमिनीचे तुकडे जोडण्याची) झालेल्या गावांत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तिथे कोणत्या सर्व्हे नंबराचा कोणता गट झाला हे दाखवणारा ९(३), ९(४)चा उतारा मिळवल्याशिवाय मागे जाता येत नाही. तो भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात मागावा. सातबारा साधारण दर दहा वर्षांनी पुन्हा लिहिला जाई आणि नव्या पानावर चालू नावेच येत, त्यामुळे एकच जुना सातबारा बघून थांबू नये. पश्चिम महाराष्ट्रात १९५७च्या सुमारास नाव एकदम नाहीसे झाले, तर आधी कूळकायद्याची शंका घ्यावी. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन', त्या दिवशी कसणारी कुळे मालक मानली गेली. म्हणजे जमीन विकली-बिकली नसेल, कुळाकडे गेली असेल.

स्कॅनची प्रत मूळ कागदावर अवलंबून असते. दुमडीवरचा मजकूर फाटलेला, शाई मागून उमटलेली, आणि हाताने लिहिलेला १ आणि ९ सारखेच. फेरफार क्रमांक जुळत नसेल तर हे दोन आकडे अदलून पाहावेत. जुन्या पानांवर मोडी आली की मात्र स्वतः अंदाज बांधू नये. जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे, तेही ओळीला ओळ. नुसता गोषवारा घेतला की नातेसंबंध दाखवणारे 'बिन' आणि 'वलद' (दोन्हींचा अर्थ 'अमक्याचा मुलगा') त्यातून गळतात.

मराठवाड्यात १९५४-५५चे खासरा पाहणी पत्रक आणि विदर्भात त्याच सुमाराचे अधिकार अभिलेख हे मागे जाण्याचे पक्के टप्पे.

घराचा इतिहास हवा असेल तर मात्र या संकेतस्थळावर फार आशा नको. गावठाणाचा सातबारा नसतो. नगर भूमापन झालेले असेल तर मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) न थांबता चौकशी नोंदवहीची नक्कल मागावी. पत्रिका त्या नोंदवहीवरून उघडली जाते. चौकशीच्या वेळी धारक कोण होता, त्याचा हक्क वडिलोपार्जित की खरेदीचा, हे त्या वहीत असते. भूमापन झाले नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरांच्या करआकारणीची वही, पाहावा. भिंत मातीची की विटांची, छप्पर कौलारू की पत्र्याचे, हे त्यावरून कळू शकते. अडचण एकच : दर चार वर्षांनी होणाऱ्या फेरआकारणीत घर नंबर बदलू शकतो. तेव्हा नंबराच्या भरवशावर न राहता वर्षावर्षाच्या वह्या एकापुढे एक ठेवून चतुःसीमा आणि शेजाऱ्यांची नावे जुळवत जावे.

नावाने शोधायचेच असेल तर दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक १ आहे, ती पक्षकारांच्या नावांची. सूची क्रमांक २ मिळकतींची. अर्जात सूचीचा क्रमांक आणि वर्षे स्पष्ट लिहावीत. नुसता 'जुना व्यवहार' लिहिला तर अर्ज परत येतो. साक्षांकित नक्कल हवी असेल तर स्कॅनचा प्रिंट नेऊन उपयोग नाही, तहसीलच्या अभिलेख कक्षात वेगळा अर्ज करावा लागतो. तिथे स्कॅनवरून मिळालेला फेरफार क्रमांक आणि वर्ष सांगितले की कारकुनाला गठ्ठा उपसावा लागत नाही.