सह्या चौघींच्या, भाडं खाल्लं एकीने : नवी मुंबईत शेअरिंगमध्ये राहणाऱ्यांनी वाचा

नेरुळ, सानपाडा, घणसोली, खारघर या पट्ट्यात कॉलेजसाठी येऊन तिघं-चौघं मिळून फ्लॅट घेणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय, आणि त्यांच्या घरच्यांनीही वाचा, कारण शेवटी पैसे तुमच्याच खिशातून जातात. आमच्या चौथ्या रूममेटने आमच्याकडून तीन महिन्यांचं भाडं घेतलं, मालकाला एक रुपया दिला नाही, आणि तेच भाडं पुन्हा आमच्याच गळ्यात पडलं.

फ्लॅट नेरुळ वेस्टला, टू बीएचके. भाडं ३२ हजार, डिपॉझिट १ लाख, म्हणजे डोक्यामागे ८ हजार आणि २५ हजार. जुलैपासून ११ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, त्यात पहिले ६ महिने लॉक-इन, म्हणजे त्याआधी फ्लॅट सोडता येत नाही. मी सांगलीची, बाकी दोघींतली एक परभणीची, एक चिपळूणची, तिघी कॉलेजच्या. चौथी आमच्यापेक्षा मोठी, ऐरोलीला जॉबला, म्हणून आम्ही तिला ताईच म्हणायचो. ब्रोकर तिच्या ओळखीचा, फ्लॅट तिनेच बघितलेला, मालक काका नाशिकला असतात त्यांच्याशी बोलणंही तीच करायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, काकांना चार जणींकडून सुटे सुटे पैसे आलेले चालत नाहीत, तुम्ही मला पाठवा, मी एकदम टाकते. दर महिन्याला ५ तारखेच्या आत ग्रुपवर तिचा स्क्रीनशॉट यायचा, ३२ हजार, काकांचं नाव, हिरवी टिक, सगळं व्यवस्थित.

दिवाळी झाल्यावर काकांचा थेट मला फोन आला. "बाळा, परीक्षा आटोपल्या असतील तर आता भाड्याचं बघा, ऑगस्टपासून काहीच आलं नाही." मला आधी वाटलं त्यांची काहीतरी गफलत झालीये. मग कळलं की ताई त्यांना सांगत होती, मुलींच्या घरून पैसे आलेले नाहीत, परीक्षा चालू आहेत, तुम्ही त्यांना फोन करू नका, टेन्शन घेतील. इकडे आम्हाला सांगायची काका फार कडक आहेत, तुम्ही कॉल केलेला आवडत नाही त्यांना. दोन्हीकडची तोंडं तिने बरोबर बंद करून ठेवली होती.

त्या रात्री आम्ही ग्रुपवरचे स्क्रीनशॉट एकाखाली एक उघडून बसलो. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला १२ आकड्यांचा वेगळा यूटीआर नंबर असतो. जुलैचा नंबर काकांच्या बँक स्टेटमेंटमध्ये सापडला, ते पैसे खरंच गेले होते. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर या तिन्ही स्क्रीनशॉटवर तोच जुलैचा नंबर, फक्त तारीख बदललेली, आणि झूम केल्यावर तारखेची अक्षरं बाकीच्यांपेक्षा जरा जाड दिसत होती. चिपळूणची मैत्रीण तिथेच रडायला लागली, तिचे बाबा कर्ज काढून फी भरतायत.

ताई दिवाळीला गावी गेली ती आलीच नाही. कपाटातलं तिचं सामान आधीच गेलेलं, फोन बंद, आम्ही तिघी ब्लॉक. ब्रोकरला विचारलं तर त्याने कानावर हात ठेवले, माझं काम ॲग्रीमेंटपर्यंत, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

आता मुख्य मुद्दा, जो ब्रोकर कधीच सांगत नाही. आम्ही काकांना म्हटलं की आम्ही आमचा हिस्सा दिलाय, पुरावे आहेत, तिच्याकडून घ्या. काका म्हणाले, मला हिस्से माहीत नाहीत, करारावर चौघींच्या सह्या आहेत, भाडं एकच आहे. आणि ते बरोबर बोलत होते. आमच्या ॲग्रीमेंटमध्ये स्पष्ट लिहिलंय की पूर्ण भाड्याला चौघी एकत्र आणि प्रत्येकी स्वतंत्रपणे जबाबदार. तसं लिहिलेलं नसतं तरी फरक पडला नसता, कारण १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ४३ हेच म्हणतं, अनेकांनी मिळून एक वचन दिलं असेल आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर समोरचा माणूस त्यातल्या कोणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो. तुम्ही ८ हजारांची खोली घेतलीये असं तुम्हाला वाटत असतं पण सही ३२ हजारांवर केलेली असते. मात्र त्याच कलमात पुढे आहे की ज्याने जास्त भरलं त्याला बाकीच्यांकडून त्यांचा वाटा वसूल करता येतो, आणि आमची सगळी भिस्त आता त्याच्यावरच आहे.

काकांनी ९६ हजार डिपॉझिटमधून कापले. सोडून जावं तर लॉक-इन डिसेंबरपर्यंत. चौथी मुलगी आणावी तर जुना करार रद्द करून नवा रजिस्टर करायला हवा, आणि रद्द करायला ताईचीही सही आणि अंगठा लागणार, ती तर गायब. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरचे ३२-३२ हजार आम्ही तिघींनीच भरले. डिसेंबर अखेर फ्लॅट सोडला तेव्हा हातात ४ हजार परत आले. सगळा हिशोब मांडला, तिचं डिपॉझिटही वजा केलं, तरी ८७ हजार तिच्याकडे निघतात, म्हणजे आम्हा प्रत्येकीचे २९ हजार. ज्यांचं घर महिन्याच्या पगारावर चालतं त्यांना विचारा २९ हजार म्हणजे काय असतं.

पोलीस स्टेशनला गेलो तेव्हा सांगितलं गेलं की भाड्याच्या वाट्याचा वाद दिवाणी आहे, म्हणजे कोर्टात सोडवायचा, पोलिसांचा नाही. पण खोटे स्क्रीनशॉट दाखवून पैसे घेणं ही नुसती उधारी नाही, फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, हे आम्ही लेखी अर्जात टाकलं आणि शिक्का मारलेली कॉपी घेतली. तोंडी सांगून परत येऊ नका, अर्ज द्या आणि पोच घ्याच. दुसरं, विधी सेवा प्राधिकरणाकडे बायका-मुलींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यात तशी तरतूद आहे, आणि हे आमच्यापैकी एकीलाही कोणी सांगितलं नव्हतं. नेरुळ, सानपाडा, घणसोलीवाल्यांना ठाणे जिल्ह्याचं प्राधिकरण, खारघर मात्र रायगड जिल्ह्यात येतं, त्यांना रायगडचं. तिथून मिळालेल्या वकील मॅडमनी ताईच्या ॲग्रीमेंटवरच्या कायमच्या पत्त्यावर नोटीस पाठवली. ॲग्रीमेंटची पीडीएफ माझ्या मेलवर होती म्हणून तो पत्ता तरी हातात होता. तुमची पीडीएफ ब्रोकरकडे किंवा एकाच रूममेटकडे पडली असेल तर आजच मागून घ्या.

पैसे थेट मालकाच्या खात्यावर टाका, आपापला हिस्सा आपापल्या नावाने, कोणी कितीही मोठं आणि जवळचं असलं तरी मधे हात नको. मालकाचा नंबर सगळ्यांकडे हवा आणि पहिल्या महिन्यातच एकदा प्रत्येकाने स्वतः फोन करून बोलायला हवं, आम्हाला जसं परस्पर बोलूच दिलं नाही तसं कोणी करत असेल तर तिथेच सावध व्हा. मालक तयार असतील तर प्रत्येकाची जबाबदारी त्याच्या हिश्श्यापुरतीच असं करारात लिहून घ्या, बरेच जण तयार होत नाहीत पण विचारायला काय जातं. करार रजिस्टरच हवा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे. आणि मुदत संपल्यावर भांडण चालू आहे म्हणून फ्लॅट अडवून बसायचा सल्ला कोणी देईल तर ऐकू नका, त्याच कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई लागू शकते.

नोटीस गेल्यावर ताईच्या वडिलांचा फोन आला, बिचारे फार खजील होते, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. आतापर्यंत हप्त्याहप्त्याने २० हजार आलेत, ते आधी चिपळूणच्या मैत्रिणीला दिले. उरलेल्या ६७ हजारांसाठी मॅडम दावापूर्व प्रकरण म्हणून, म्हणजे दावा लावण्याआधीच तडजोडीसाठी, लोकअदालतीत ठेवणार आहेत, तिथे जमलं नाही तर दिवाणी दावा लावायचा. त्याला तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे ताई नुसती गप्प बसली म्हणून सुटत नाही.