सीपीयूच्या यादीत आकडा लिहावा की ‘एन’?

प्रोसेसरचे कोणते कोअर इतर कामांपासून वेगळे काढायचे हे लिनक्सच्या बूट ओळीत (मशीन सुरू होताना कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, दिलेल्या सूचनांत) सांगायला आता दोन वाटा आहेत. शेवटचा आकडा स्वतः लिहा, नाहीतर त्या जागी ‘एन’ ठेवा आणि शेवटचा सीपीयू कोणता ते कर्नलला ठरवू द्या. ‘एन’ची सोय २०२१ मध्ये, कर्नलच्या ५.१३ आवृत्तीत आली. त्याहून जुना कर्नल असेल तर प्रश्नच मिटला, आकडाच लिहावा लागेल.

माझ्याकडे १६ सीपीयूंच्या मशीनवर ‘आयसोलसीपीयूज=४-१५’ अशी ओळ होती, म्हणजे ४ ते १५ क्रमांकाचे सीपीयू वेगळे. ३२ सीपीयूंचं मशीन आलं तेव्हा तीच ओळ तिथे चिकटवली. मशीन नीट उठलं, डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, चकार शब्द नाही. पण वेळेच्या बाबतीत काटेकोर असलेला आमच्या प्रोग्रामचा थ्रेड मधूनच अडखळायचा. दोन दिवस मी नेटवर्क ड्रायव्हर तपासत होतो. शेवटी सिसएफएसमधली (कर्नल आपली माहिती जिथे फाइलींच्या रूपात दाखवतो तिथली) ‘आयसोलेटेड’ फाइल उघडली, तर आत ‘४-१५’ एवढंच. थ्रेड बसवला होता २० वर, आणि १६ ते ३१ हे सगळे सीपीयू इतर कामांना मोकळे! कर्नलच्या लेखी ती यादी बरोबरच होती, मग तो तक्रार कशाची करणार?

‘४-एन’ असतं तर हे घडलं नसतं. शिवाय ‘एन’ चुकतो तेव्हा बोलतो. ‘१६-एन’ ही ओळ ४ कोअरच्या मशीनवर नेली की ती ‘१६-३’ होते, आणि सुरुवात शेवटापेक्षा मोठी म्हणून कर्नल ती नाकारतो. अशी चूक लगेच सापडते.

आकड्याची बाजूही लंगडी नाही. हायपरथ्रेडिंग (एकेक कोअर दोन सीपीयू म्हणून दिसणं) चालू असलेल्या बऱ्याच मशीनवर त्याच कोअरच्या जोडीदार सीपीयूंचे क्रमांक दुसऱ्या अर्ध्यात असतात, म्हणजे ३२ मध्ये ०चा जोडीदार १६. तिथे ‘४-एन’ लिहिलं तर १६ ते १९ हेही वेगळे निघतात, पण त्यांचे कोअर ० ते ३ मुळे सिस्टिमच्या घरकामातच अडकलेले राहतात. अशा मशीनवर मी ‘४-१५,२०-३१’ असं मोजूनच लिहितो. प्रोग्राम ठराविक सीपीयूवर बसवणाऱ्या टास्कसेट या कमांडलाही ‘एन’ कळत नाही, कारण त्याची यादी कर्नल वाचत नाही.

तुमची मशीन एकसारखी असतील आणि तशीच राहणार असतील, तर आकडा पुरेसा आहे असं मला वाटतं. एकच बूट ओळ लहानमोठ्या मशीनवर फिरणार असेल, आणि हायपरथ्रेडिंग बंद असेल, तर मी ‘एन’च घेईन. आमच्याकडे आता तोच आहे.